नासलेली चांदी

१

खंडेराव जगदाळे त्या सकाळी एक मरण बघायला निघाले होते, म्हणून त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मिशीला तेल लावलं होतं. सुनेनं विचारलं, "मामंजी, कुणाचं लग्न?" तर म्हणाले, "लग्न नव्हं. एकाचा निकाल हाय."

ज्याचा निकाल होता तो डोळ्यांना दिसत नव्हता. खंडेरावांनी सांगलीकडे उभा जन्म हवालदारी केली. चोर पकडले, दरोडेखोर पकडले, एकदा सर्कशीतून पळालेला हत्तीही पकडला. तो हत्ती पुढे त्यांना बाजारात बघून सोंड वर करून सलाम ठोकायचा, असं ते सांगत. ऐकणाऱ्यानं हसू दाबलं तर आवाज चढवून सांगत. पण त्यांच्या बायकोला, साखरबाईंना, मारणारा त्यांच्या हाती लागला नव्हता. मुलाला वीज केंद्रात नोकरी, म्हणून म्हातारा-म्हातारी बोईसरला आलेली. साखरबाईंचं पित्ताच्या खड्यांचं साधं ऑपरेशन झालं, आणि टाक्यांत जंतू शिरला. डॉक्टरांनी एकामागून एक औषधं दिली. जंतू ती सगळी कटिंग चहासारखी पिऊन गेला. साखरबाई गेल्या. जंतू राहिला.

राहिला कुठे, तर औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, लाल कुलूपबंद पेटीत. तिथे सातपाटीची भाग्यश्री मेहेर आपली छोटी प्रयोगशाळा चालवायची. कुठल्याच औषधाला न बधणारे जंतू ती इस्पितळांतून गोळा करायची, त्यांत साखरबाईंच्या जखमेतला आला होता. त्याचं शास्त्रातलं नाव खंडेरावांच्या जिभेला पेलेना. त्यांनी त्याला गुलब्या म्हणायला सुरुवात केली. नोकरीत हातून निसटलेला एकच चोर होता, त्याचं नाव गुलब्या.

आणि गुलब्याला मारायचं हत्यार भाग्यश्रीकडे होतं. तेही जंतूच, पण कामाचे. खाडीत जिथे कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं पडतं, तिथल्या काळ्या गाळात तिला ते सापडले होते. तिथले मासे मेले, खेकडे मेले. हे पठ्ठे विष खाऊन जगले. त्यांना काचेच्या नळ्यांत वाढवायचं, त्यांचा रस काढायचा, आणि रसात चांदीचं पाणी ओतायचं. चांदीचं पाणी म्हणजे पाण्यात विरघळलेला चांदीचा क्षार, दिसायला विहिरीच्या पाण्यासारखा नितळ. तो रस त्या चांदीचे इतके बारीक कण पाडतो की सुईच्या टोकावर अख्खं बोईसर बाजारासकट मावावं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं की कण तयार. ते कण माजलेल्या जंतूंची कातडी फाडतात.

"फाडतातच ना?" खंडेराव दर वेळी विचारायचे.

"फाडतात, काका."

"दुखतं का त्यास्नी?"

"ते नाही सांगता येत."

"दुखत असंल," खंडेराव समाधानानं म्हणायचे आणि स्टुलावर बसायचे.

आज भाग्यश्री त्यांच्या डोळ्यांदेखत रस आणि चांदी मिसळणार होती, आणि ते मिश्रण गुलब्यावर सोडणार होती. शेडच्या फाटकाशी दोघांची गाठ पडली. भाग्यश्री स्कूटर लावत होती, एवढ्यात आतून आरोळी आली.

"मॅडम! लवकर या! सगळं नासलंय!"

खिडकीशी टेबलावर काचेचा चंबू उभा होता. त्यात रस आणि चांदी कुणीतरी आधीच एकत्र केली होती आणि वर मिठाची मूठ मारली होती. कोऱ्या चहाच्या जागी आत फाटलेल्या दुधासारखा पांढराशुभ्र चोथा तरंगत होता. फ्रिजचं दार उघडं. खाडीच्या जंतूंच्या झाडून साऱ्या नळ्या फिनेलच्या बादलीत बुडालेल्या.

लाल पेटीला मात्र कुणी बोट लावलं नव्हतं. सैन्य मेलं होतं आणि गुलब्या सुखरूप होता.

२

भाग्यश्री खुर्चीत बसली ती उठेना.

"दुसऱ्या नळ्या असतील की कुठंतरी," खंडेराव म्हणाले.

"एक जोड विरारच्या कॉलेजात ठेवला होता. तिथला फ्रिज बिघडला, तेव्हाच गेला. हे शेवटचे होते, काका."

"आन् मिठानं चांदी नासती?"

"चांदीच्या पाण्यात मीठ पडलं की चोथा होतो. मग तिचे कण पडत नाहीत."

खंडेरावांनी मिशीवरून हात फिरवला. साखरबाईंच्या शेवटच्या दिवशी असाच फिरवला होता. "पोलिसांना बोलवायचं?"

"काय सांगू? जंतूंचा खून झाला म्हणून? हसतील."

"हसतील," खंडेरावांनी कबूल केलं. "म्हणून म्या हाय. मला हसायला येत न्हाई आज."

शेडमध्ये तिघं कामाला होती, आणि तिघंही आता भिंतीला टेकून उभी होती. आरोळी मारणारा इंद्रजीत सरनोबत, रसायनं बघणारा. कोल्हापूरकडचा, बोलायला गूळ. हेतल, पालघरची, जंतू वाढवणारी, तोंडानं मोजकं पण डोळ्यांनी सगळं बोलणारी. आणि सातपाटीचा विनोद, बाटल्या धुणारा, पाणी भरणारा, भाग्यश्रीच्याच आळीतला.

"रात्रीचंच काम आहे हे," इंद्रजीत म्हणाला. "मी आलो तेव्हा असंच होतं सगळं. काल शटर बंद करून शेवटी कोण गेलं, विचारा."

"मी गेलो," विनोद म्हणाला. "रोज मीच जातो. मग?"

"मग पिशवी दाखव."

पिशवीत डबा होता, सुके बोंबील होते, दोन कैऱ्या होत्या, आणि कागदाच्या पुडीत मीठ होतं.

"कैरीला लावाला आनलाय!" विनोद उसळला. "सातपाटीच्या मानसाच्या पिशवीत मीठ सापडला, तर काय सोना सापडला काय? आमच्याकडं मीठ नाय तं काय अत्तर असनार?"

"आणि हात?" इंद्रजीतनं त्याचं मनगट धरून उजेडात उचललं. "चांदीचं पाणी कातडीला लागलं की डाग पडतो, काका. काळा. धुतला तरी जात नाही. बघा."

विनोदची बोटं पेरांपर्यंत काळी होती.

खंडेरावांनी बोटांवरून नजर काढली आणि ती चुकून खिडकीतल्या चंबूवर गेली. ते पुढे सरकले. डोळे चोळले.

मघाशी शुभ्र असलेला चोथा जांभळा पडत चालला होता.

३

खंडेराव चौकशी कधी खोलीत करत नसत. खोलीत माणूस भिंतीशी बोलतो, असं त्यांचं म्हणणं. शेडमागच्या पाण्याच्या टाकीवर ते बसले आणि विनोदला बोलावलं.

"हात दे."

"घ्या. तोडा नायतर."

"तोडाय म्या काय कसाई हाय?" त्यांनी विनोदची नखं जवळून बघितली. काळा रंग नखाच्या वरच्या अर्ध्यात होता. खाली, मुळाशी, नवं नख गुलाबी उगवलं होतं. "हे डाग कधीचे रे?"

"बाटल्या धुतो त्याचे. म्याडम बोलते, हातमोजे घाल. मोजे घालून बाटली सटकते, मग बाटली फुटली म्हनून तीच बोलते."

खंडेरावांनी मान हलवली. काल-आजचा डाग नखासोबत वर सरकत नाही. पण सुटका देण्याची त्यांना घाई नव्हती.

"भाग्यश्रीवर राग हाय तुझा?"

विनोद टाकीच्या कडेला नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझा भाऊ मिथुन. शिंगाळा माशाचा काटा पायात घुसला. जखम चिघळली, कंचाच औषध लागू होय ना. मी तिच्या पायावर डोका ठेवला, बोललो, तुज्याकडली चांदी दे. बोलली, मानसावर वापराची परवानगी नाय. पाय गुडघ्यातून कापला त्याचा. आता तो जेटीवर बसून जाळी विनते."

"मग सूड घ्यावासा वाटला आसंल."

"वाटला ना! रोज वाटते. तिच्या स्कूटरची हवा सोडतो मी, दर शनवारी." विनोदनं नाक ओढलं. "पन हे जंतू उद्या तयार झाले तं दुसऱ्या कुनाचा पाय वाचेल ना, काका? ते कशाला मारीन मी?"

खंडेरावांना हा जबाब आवडला. पण आवडलेल्या जबाबांनी त्यांना नोकरीत दोनदा फसवलं होतं, म्हणून त्यांनी हेतलला हाक मारली.

४

हेतल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"बस की."

"उभीच बरी आहे."

"तुझं काय वैर हाय मॅडमशी? विनोद हवा सोडतो. तू काय करतीस?"

हेतलला हसू आलं, ते तिनं गिळलं. "ते जंतू खाडीतून आणल्यावर वेगळे मी काढले, काका. सुट्टी न घेता. शोधनिबंध छापून आला तेव्हा वरती मॅडमचं नाव, मग इंद्रजीत सरांचं, आणि माझं तळाला, जिथे माशी बसली तर झाकून जाईल. मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या चहात साखर घातली नाही. आजपर्यंत घालत नाही."

"तिला साखर लागत न्हाई वाटतं?"

"लागते. विचारायची लाज वाटते तिला."

खंडेराव खुलले. या शेडमध्ये सगळेच सूड घेत होते, आणि सगळ्यांचे सूड पोळपाटाएवढे होते. मिठाची मूठ मारणाऱ्याचा सूड मात्र मोठा होता.

"मला येक सांग. तो चोथा पांढरा व्हता, आता जांभळा झाला. का?"

"चांदीचं मीठ ते, काका. ऊन लागलं की रंग बदलतं. आधी जांभळट, मग करडं."

"किती येळानं?"

"असं कोवळं ऊन असलं तरी लगेच. खिडकीत तर चहा संपायच्या आत."

खंडेराव टाकीवरून उतरले. त्यांनी शेडच्या खिडकीकडे बघितलं. पूर्वेची खिडकी, पडदा नसलेली. सूर्य उगवल्यापासून ऊन त्या टेबलावर लोळत होतं.

"म्हणजे रात्री नासवलं असतं," ते हळू म्हणाले, "तर आम्ही आलो तवा ते कवाच काळवंडलं असतं."

हेतलनं बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली.

"आम्ही आलो तवा ते शुभ्र व्हतं, पोरी. नुकतं फाटलेलं दूध. हे रात्रीचं काम न्हाई, आज सकाळचं हाय. मघाशी विचारून घेतलंय म्या, विनोदनं शटर उघडलं आन् क्यान घेऊन नळावर गेला. मग तू आलीस, पिशवी ठिवलीस आन् टपरीवर चहा प्यायला गेलीस. मग इंद्रजीत आला. तुम्ही तिघंबी थोडा थोडा येळ आत एकटी व्हता."

"म्हणजे माझ्यावरही संशय आहे तुमचा?"

"हाय की," खंडेराव आनंदानं म्हणाले. "तू चहात साखर घालत न्हाईस."

५

इंद्रजीत स्वतःहून आला. हात स्वच्छ, नखं कापलेली, चेहरा धुतल्यासारखा. त्यानं खंडेरावांसाठी खुर्चीही आणली.

"विचारा, काका. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. इथले सगळे तुम्हाला सांगतीलच, म्हणून मीच सांगतो. मी आधी खाडीत पडणाऱ्या नाल्याच्या तोंडावरच्या कारखान्यात होतो, शिफ्टचा मुख्य होतो. भाग्यश्री मॅडमनी खाडीतला गाळ तपासून तक्रार केली आणि कारखाना बंद पडला."

"मग तिच्याच हाताखाली कसा काय?"

"प्रायश्चित्त म्हणा. ज्या गाळात आम्ही विष सोडलं, त्यातून औषध निघतंय. मी माफ केलं त्यांना. राग असता तर आलो असतो का इथे?"

"न्हाई, न्हाई," खंडेराव म्हणाले. "रागावलेला माणूस लांब बसतो. बरोबर हाय."

पण त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं. दारातून आत, टेबलाखाली, जिथे चांदीच्या पाण्याची तपकिरी बाटली जमिनीवर असायची, तिथे सकाळी त्यांना एक ओला ठिपका दिसला होता. पाणी सांडलं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता त्या ठिपक्यावर उन्हाची पट्टी सरकली होती आणि सिमेंटवर डांबर ओतल्यासारखा काळा डाग उमटला होता. बाटली नीट उभी होती, बुचासकट. पण तिची जुनी जागा, जिथे बुडाचं वर्तुळ उमटलं होतं, ती हातभर बाजूला होती.

खंडेराव गुडघे धरून वाकले. बाटली लवंडली होती, ती कुणाच्या तरी पायानं. हातानं लवंडली असती तर टेबलावर लवंडली असती. पायाला लागली, थोडी सांडली, मग त्या माणसानं ती उभी केली. केराच्या डब्यात रबरी हातमोज्यांची एक जोडी होती. म्हणजे हात झाकलेले होते. हातावर डाग नाही सापडायचा, कितीही शोधा.

ते तसेच वाकून राहिले. पायाला बाटली लागली. मग पुढे काय झालं असेल? माणूस इथलाच. आईच्या हाताखाली वाढलेला.

अचानक खंडेराव सरळ झाले. कंबर कडकडली, पण त्यांना ऐकू आलं नाही.

"सगळ्यांनी आंगणात या," ते गरजले. "कोळगावहून मोठ्या पोलीस सायबांचा वास घेणारा कुत्रा येतोय!"

६

कुत्रा वगैरे काही येत नव्हता. खंडेरावांनी फोनसुद्धा काढला नव्हता.

"सम्राट नाव त्याचं," ते बदामाच्या सावलीत खुर्ची टाकून सांगू लागले. तिघांना त्यांनी समोर भर उन्हात बाकावर ओळीनं बसवलं होतं, तोंडं पूर्वेकडे. "लई मानी जात. थंड माणसाचा वास घेत न्हाई, अपमान वाटतो त्याला. घाम फुटलेलाच माणूस लागतो. मिरजेला याचा बाप व्हता, तो चोराला चावायचा न्हाई, फकस्त त्याच्याकडं बघून मान हलवायचा. चोर रडायचे."

"काका, डोकं तापलं," हेतल म्हणाली आणि ओढणी कपाळावर ओढू लागली.

"ओढणी खाली. कुत्र्याला तोंड दिसाया पायजे."

"कुत्रा कधी येनार?" विनोदनं विचारलं.

"वाटेत हाय. त्याला गाडीत मळमळतं, म्हणून सावकाश आणत्यात."

भाग्यश्री दारात येऊन उभी राहिली होती. म्हातारा दुःखानं खुळा झालाय असं तिला वाटत असावं. चैत्रातलं ऊन पत्र्यावरून परतून अंगावर येत होतं. विनोदनं पिशवीतली कैरी काढली, मिठाकडे बघितलं आणि कैरी पुन्हा आत ठेवली. इंद्रजीत हसतमुख बसला होता, रुमालानं मान पुसत.

खंडेराव गोष्टी सांगत राहिले. हत्तीची झाली, विहिरीत पडलेल्या फौजदाराची झाली. बोलताना त्यांची नजर तीन कपाळांवरून फिरत होती, पाटावरच्या पापडांवरून फिरावी तशी.

विनोद मध्येच वळला आणि थांबला.

"साहेब," तो इंद्रजीतला म्हणाला, "तुमच्या कपालाला काय लागलाय?"

इंद्रजीतनं रुमाल फिरवला. "काही नाही."

"हाय ना. करडा हाय. चार बोटांचा."

हेतल झुकली, आणि झटकन मागे सरली. "सर... तो काळा होतोय."

इंद्रजीतनं कपाळ घासलं. पुन्हा घासलं. चार बोटांचे ठसे भुवयांच्या वर, भस्म लावल्यासारखे, उन्हात गडद होत चालले होते. बाकीच्यांची कपाळं घामानं चमकत होती, पण कोरी होती.

खंडेरावांनी खिशातून मोबाइल काढला, लांब धरला, डोळे बारीक केले आणि फोटो काढला.

"सम्राट आला," ते म्हणाले.

७

"गंध असेल कसलंतरी," इंद्रजीत म्हणाला. "देवळात गेलो होतो."

"पूस मग."

"ती पुसली जात नाही," भाग्यश्री दारातून म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "चांदी आहे ती."

खंडेराव उठले. "तू रसायनवाला. डाग पडतो हे तुला ठावं, म्हणून हातमोजे घातलेस. चांदी रसात ओतलीस, मीठ टाकलंस, बाटली खाली ठिवलीस, नळ्या बादलीत टाकल्यास. घाईत त्याच बाटलीला पाय लागला, पाणी सांडलं. तू ती उभी केलीस. आन् मग तुझ्या हातानं तुला न विचारता काय केलं, सांगू? आपल्याकडं भांड्याला पाय लागला, वहीला पाय लागला, की काय करत्यात?"

विनोदचा उजवा हात आपोआप उठला आणि कपाळाला लागला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो हाताकडे बघत बसला.

"हे बघा," खंडेराव म्हणाले. "न सांगता. लहानपणी आईनं चापट मारून शिकिवल्यालं. ज्या कामाचा गळा दाबायला आलास, त्याच्याच पाया पडलास लेका, ओल्या हातानं. मोजे हाताला व्हते, सवयीला नव्हते. हे तिघांपैकी कुणीबी केलं असतं तरी त्याचं कपाळ बोललं असतं. मला फकस्त ऊन पायजे व्हतं."

इंद्रजीतनं रुमाल खाली टाकला. मग त्याचा गूळ एकदम उतरला.

"माफ केलं म्हणालो ना मी? खोटं बोललो. तिनं माझा कारखाना मारला. माझ्या हाताखालची माणसं परत गावाला गेली, शेतमजुरीला. मला बघून लोक रस्ता बदलत. मी ठरवलं, हिचं काम पुरं होईपर्यंत थांबायचं. अर्धवट कामाचं दुःख होत नाही. आज पुरं होणार होतं. तिनं माझे कामगार मारले, मी तिचे मारले. फिटंफाट."

"आणि खाडी कुणी मारली?" भाग्यश्री पुढे आली. "माझा बाप शेवटी रिकामी टोपली घेऊन घरी यायचा, इंद्रजीत. त्याची फिटंफाट कुणाशी करू?"

इंद्रजीतनं मान फिरवली.

"मॅडम, पोलिसात देऊ याला," हेतल म्हणाली.

"नुकसान केल्याचं कलम लागंल," खंडेराव म्हणाले, "आन् संध्याकाळी जामिनावर सुटून हा घरी जेवंल. माझं त्यानं भागत न्हाई." ते इंद्रजीतच्या अगदी जवळ गेले. मिशी त्याच्या कानाला लागावी इतके. "माझ्या बायकूचा खुनी त्या लाल पेटीत आज जिवंत हाय, तुझ्यामुळं. आता ऐक. फोटो माझ्याजवळ हाय. तो चौकीत जाईल, कारखान्या-कारखान्यांत जाईल, तुझ्या सासुरवाडीला जाईल. न्हाईतर तू खाडीत जाशील."

"खाडीत?"

"ते जंतू तिथंच सापडलं व्हतं ना, पोरी?"

भाग्यश्रीच्या डोळ्यांत सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. "तिथल्याच गाळात. असतील अजून. पण पहिल्यांदा सापडायलाच वर्ष गेलं होतं, काका. गाळ उपसून उपसून."

"उपसंल की," खंडेराव म्हणाले. "मुख्य व्हता तो तिथला. त्याला जागा ठावी हाय."

८

मग दर ओहोटीला सातपाटीच्या बायकांना एक खेळ मिळाला. कपाळावर काळे पट्टे असलेला एक सभ्य माणूस मांड्यांपर्यंत गाळात उतरायचा, बादली भरायचा, चिखलात पाय अडकून पडायचा आणि पुन्हा उठायचा. गाळाला असा वास की बगळेही तिथे उतरत नसत. विनोदची आई जमुना काठावर टोपली टेकवून उभी राहायची.

"ए भटजी! खोल जा अजून! तुज्याच कारखान्याचा लोनी हाय ते, लाजते कशाला?"

"त्याला बोंबील दे गं एक, भुकेला दिसते."

"तो काय खाते? त्यानं सोडलेलाच खावाला सांग त्याला!"

मिथुन जेटीवर बसून जाळं विणत बघायचा. इंद्रजीत त्याच्या बाजूच्या काठानं कधी चढला नाही.

कपाळाचे डाग हळूहळू कातडीबरोबर निघून गेले, तरी तो येत राहिला, कारण फोटो निघून गेला नव्हता. हेतल प्रत्येक बादलीतला गाळ ताटलीत पसरायची, चांदीच्या पाण्यावर वाढवून बघायची आणि मान हलवायची. नव्या शोधनिबंधात नाव पहिलं कुणाचं, हे भाग्यश्रीनं तिला आधीच सांगून टाकलं होतं. चहाचं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

एका दुपारी नळीतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. हेतल इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या कारखान्याचा पहारेकरी आग विझवायचा डबा घेऊन धावत आला.

आणि मग तो दिवस उजाडला. भाग्यश्रीनं लाल पेटीचं कुलूप काढलं. काचेच्या छोट्या ताटलीत गुलब्याची पिलावळ पसरली, मधोमध चांदीचा थेंब सोडला आणि ताटली उबेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढली तेव्हा खंडेराव आधीपासून येऊन बसले होते.

ताटलीभर गुलब्या मळकट साईसारखा पसरला होता. पण मधोमध, थेंबाभोवती, एक स्वच्छ गोल होता. काचेसारखा.

खंडेरावांनी ताटली दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केली. या क्षणी म्हणायला त्यांनी शिव्यांची एक लांबलचक माळ तयार ठेवली होती, सांगली-मिरज भागातली निवडक. ती आठवेना.

"या गोलात?"

"एकही नाही, काका. सगळे फाटले."

"दुखलं असंल."

या वेळी भाग्यश्री म्हणाली, "दुखलं असेल."

खंडेरावांनी हळूच त्या स्वच्छ गोलावरून, काचेच्या बाहेरून, अंगठा फिरवला. आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. विनोदनं उगीचच बाटल्यांचा आवाज केला. भाग्यश्रीला वाटलं, आता म्हातारा रडेल, आणि मग शांत होऊन घरी जाईल.

खंडेरावांचा अंगठा गोलाच्या कडेला येऊन थांबला.

"आन् हे बाहेर हायत ते?"

"बाहेर चांदी पोचली नाही. तिथले जिवंत आहेत अजून."

"जिवंत हायत," खंडेराव म्हणाले. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि बाह्या सारल्या. "मग निकाल कुठं लागला, पोरी? चांदी वाढव. दुसरी ताटली लाव. म्या घरी सांगून आलोय, जेवायला थांबू नका म्हणून."